उसनी लेन्स

माझ्याकडे एक मोठी लेन्स आहे. मांडवाच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाच्या नवरीच्या पापणीतलं पाणी टिपायचं, तर तीच लागते. वजनाला अशी की दिवसभर गळ्यात घातली तर दुसऱ्या दिवशी मान वळत नाही. ती आमच्या ह्यांनी, म्हणजे राजकुमारनी, हौसेनं घेतलेली. आमचं घर बेळगावच्या वडगावातलं, साड्या विणणाऱ्यांचं. घरचे माग बंद पडले तेव्हा मागाच्या खोलीत ह्यांनी पडदा लावला, दोन दिवे उभे केले आणि बाहेर पाटी ठोकली, 'मंजुश्री फोटो स्टुडिओ'. पाटीवर नाव माझं आणि आत कारभार सगळा त्यांचा. ते गेले आणि पाटी खरी झाली.

मी कॅमेरा हातात घेतला तो हौसेनं नव्हे, पण घेतला ते बरं झालं. बारसं, डोहाळजेवण, हळद, जिथं बायकांचं राज्य तिथं मला बोलावतात. पुरुष कॅमेरावाला आला की पदर सावरत बसणाऱ्या बायका माझ्यापुढे दात दाखवून हसतात. या कामांना छोट्या लेन्स पुरतात. मोठी लेन्स पेटीतच असायची. ती घराबाहेर पडायची ती भरमू भावजींच्या खांद्यावरून.

भरमू भावजी बेळगावबाहेरच्या कडोली गावचे. घरची शेती, जोडीला लग्नाचे फोटो. ह्यांचे जुने मित्र, म्हणून मी त्यांची वैनी आणि ते माझे भावजी. दोघांचे कॅमेरे एकाच कंपनीचे, त्यामुळे आमची लेन्स त्यांच्या कॅमेऱ्याला बिनतक्रार बसायची. आमच्या धंद्यात हा व्यवहार जुना आहे. कंपनी एक असली की लेन्सची देवघेव चालते, जशी गल्लीत विरजणाची चालते. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी ते लेन्स न्यायला यायचे आणि लग्न उरकलं की दुसऱ्या दिवशी परत द्यायला. म्हणजे एका लग्नाला दोन फेऱ्या, आणि दोन फेऱ्यांना दोन चहा.

बाहेर कट्ट्यावर बसून ते लग्नाची सगळी हकिगत सांगायचे. कुठल्या नवरदेवाचा मामा रुसला, कुठल्या कार्यालयात भात कमी पडला, भटजींचा मोबाइल ऐन मंगलाष्टकात कसा वाजला. सांगताना प्रत्येकाचा आवाज काढून दाखवायचे. मी हसून हसून डोळे पुसायची आणि म्हणायची, "भावजी, फोटो काढाय जातासा का चहाड्या गोळा कराय?"

लपवून काय करू, तेवढंच माझं बोलणं होतं. रूपाली, माझी मुलगी, बेंगळूरला नोकरी करते. रविवारी फोन करते, तोही जेवता जेवता, आणि माझं वाक्य अर्धं झालं की "ठीक आहे मग" म्हणते. गल्लीत उरलेसुरले माग दिवसभर खडखडत असतात, त्यामुळे आमचं घर शांत आहे असं कुणी म्हणणार नाही. पण खडखडाटाशी बोलता येत नाही. एखाद्या दिवशी झोपताना ध्यानात यायचं की आज माझ्या तोंडून एकच शब्द निघाला, "हाड", आणि तोही कुत्र्याला.

लेन्स परत आली की ती पुसून ठेवायचं काम माझं. तिच्या तोंडाला ऊन अडवणारं काळं नळकांडं असतं, त्यात हमखास अक्षता अडकलेल्या असायच्या. वर्तमानपत्रावर झटकलं की पिवळे-लाल तांदूळ पडायचे. पिशवीच्या कोपऱ्यांतही दाणे. "लेन्स न्हेतासा का सूप?" म्हणून मी भावजींवर करवादायची, पण मनातून मला ते आवडायचं. कुणाच्या तरी लग्नाचं थोडंसं माझ्या घरात यायचं.

गेल्याच्या गेल्या दिवाळीला भावजींनी नवा कॅमेरा घेतला, मिररलेस. दाखवायला म्हणून मुद्दाम आले. "आत आरसाच न्हाय वैनी. लेन्समधनं आलेलं थेट पडद्यावर. वजनाला हलका, आवाज न्हाय, काय न्हाय." ते कौतुकानं सांगत होते आणि मी त्या कॅमेऱ्याच्या उघड्या तोंडाकडे बघत होते. तोंड मोठं होतं, जुन्या कॅमेऱ्याच्या दीडपट. आमच्या लेन्सचं तोंड त्यापुढे लहान. तरी सहज विचारावं तसं विचारलं, "मग आमची लेन्स आता ह्याला बसायची न्हाय की."

भावजींनी खिशातून बांगडीएवढी जाड रिंग काढली. "हिला मधी घालायचं. जुनी लेन्स आरामात बसत्या." त्यांनी रिंग घातली, लेन्स फिरवली, आणि ती बसली. त्या दिवशी मी चहात दूध सढळ हातानं ओतलं.

पुढचा हंगाम नेहमीसारखा गेला. दोन फेऱ्या, दोन चहा. फरक एवढाच की संक्रांतीनंतर नळकांड्यात अक्षता सापडेनाशा झाल्या. पिशवी कशी धुतल्यासारखी परत यायची. मला वाटलं, घरात सून आली म्हणून शिस्त आली असेल. तसं बोलूनही दाखवलं. भावजी हसले आणि कपात बघत बसले.

वैशाखात शहापूरच्या एका कार्यालयात लग्न होतं. आदल्या संध्याकाळी भावजी त्याच लग्नासाठी लेन्स घेऊन गेले होते. सकाळी नवरीकडून मला अचानक बोलावणं आलं. बायकांचे फोटो काढणारी त्यांची ठरलेली मुलगी आजारी पडली होती. मी गेले. हळदीचं आवरून हॉलमध्ये आले तर भावजी स्टेजजवळ स्टुलावर उभे. नवरीच्या आजीचा फोटो चाललेला. म्हातारी श्वास रोखून, हनुवटी वर करून बसलेली, कारण खटक असा आवाज ऐकल्याशिवाय आमच्याकडची म्हातारी माणसं हलत नाहीत. शेवटी ती कातावली. "काढलास काय रं बाबा? का मी अशीच मरू?" सगळे हसले, मीही हसले. आणि हसता हसता माझी नजर कॅमेऱ्यावर गेली.

कॅमेऱ्याला रिंग नव्हती. लेन्स नवी होती, सुटसुटीत, नव्या कॅमेऱ्याच्याच तोंडाची. माझी पिशवी, मी स्वतः निळी नाडी शिवलेली, स्टेजखाली खुर्चीच्या पायाला टेकून ठेवलेली होती. चेन बंद.

मंगलाष्टका सुरू झाल्या. मी अक्षता टाकल्या, फोटो काढले, जेवलेही. पण डोकं फिरलेलं होतं. म्हणजे हा माणूस माझी कीव करत होता. वैनी बिचारी एकटी असते, जाऊ तिच्याशी दोन शब्द बोलून येऊ, असं. आणि मी चहात दूध ओतत होते.

दुसऱ्या दिवशी ते आले. कट्ट्यावर पिशवी ठेवून म्हणाले, "झकास झालं लगीन."

"लेन्सनं कसं काम दिलं?"

"एक नंबर. नेहमीसारखं."

"चेन न काढताच? पिशवीतनंच फोटो काढले व्हय तिनं?"

त्यांचा चेहरा उतरला. "तुमी तिथं होतासा?"

"व्हय. ह्या डोळ्यानं बघितलं. नवी लेन्स कधी घेतलासा?"

"संक्रांतीला. सौरवनं आणून दिली." सौरव त्यांचा मुलगा.

"म्हंजे संक्रांतीपास्नं हे ओझं उगंच वागवताय. माझी कीव करा म्हणून कुणी सांगितलंय तुमाला?"

"तसं न्हाय, वैनी."

"मग कसं?"

त्यांनी समोरच्या ताराबाईच्या दाराकडे बघितलं, मग आपल्या पायांकडे. मी म्हटलं, "आजपास्नं लेन्स न्ह्याय येऊ नगा." ते उठले आणि गेले. चहा तसाच होता. मी तो मोरीत ओतला. त्यावेळी मला वाटलं, बरी खोड मोडली.

आषाढ, श्रावण, भादव्यात लग्नं नसतातच, त्यामुळे मला स्वतःची समजूत घालता आली. पण तुळशीचं लग्न झालं, बँड वाजायला लागले, आणि संध्याकाळी माझे कान फटफटीच्या आवाजाकडे लागायला लागले. आवाज यायचा, दारावरून पुढे जायचा. कुणी न वापरलेली लेन्स मी पुसत बसायची. एका रविवारी तर ती कॅमेऱ्याला लावून कट्ट्यावर बसले आणि गल्लीच्या टोकापर्यंत बघितलं. लांबची माणसं हाताच्या अंतरावर दिसत होती. कुणाच्या हातात भाजी, कुणाच्या हातात पोर. मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं, ह्यांच्या जाण्यानंतरसुद्धा. तेव्हा निदान घर माणसांनी भरलेलं होतं.

समोर ताराबाई दारात बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरत असते. तिच्या हाताला आणि तोंडाला एकदमच गती येते. एका दुपारी तिनं विचारलं, "मंजू, भरमू दिसंना त्यो अलीकडं?"

"लेन्सचं काम संपलं त्यांचं."

"मग बरोबर हाय. काम न्हाय म्हटल्यावर कसा येणार? बायको गेलेला गडी. तुझ्या दारात रिकाम्या हातानं येऊन बसला असता, तर आमीच काय काय बोललो असतो गं." आणि ती मनापासून हसली. तिच्या बोलण्यात काडीचं विष नव्हतं. हवा कशी आहे ते सांगावं तसं तिनं सांगितलं.

मी आत येऊन मागाच्या खोलीत बसले आणि एकेक गोष्ट डोळ्यांपुढे यायला लागली. भावजी आले की पिशवी कधी पाठीवर नसायची, पोटाशी धरलेली असायची. कट्ट्यावर बसल्या बसल्या लेन्स बाहेर काढायचे, काचेवर फुंकर मारायचे आणि गल्ली दणाणेल अशा आवाजात म्हणायचे, "उद्याला लागत्या बघा वैनी!" मला तो बडेजाव वाटायचा. तो ताराबाईसाठी होता. त्यांची मालुबाई कोरोनात गेली. मुलगा कामावर, सून आपल्या कामात. लग्नातल्या मामाचा आवाज काढून दाखवायचा तर कुणाला? कीव म्हणून माणूस एखाददुसऱ्या वेळी येईल. कडोलीहून एवढं ओझं घेऊन सबंध हंगामभर येणार नाही. त्यांनाही माझ्याइतकाच कट्टा हवा होता, आणि मी त्यांच्या हातातलं कारण काढून घेतलं होतं. मी खूप रडले.

फोन करावासा वाटला. पण काय म्हणून करू? 'या' म्हणायलासुद्धा काम लागतं. 'लेन्स न्यायला या' म्हणावं तर मीच येऊ नका म्हणून बसलेली. थुंकून चाटायचं तर निदान कुणीतरी चाटायला बोलवायला हवं होतं.

मार्गशीर्षात खासबागेत एका बारशाला गेले होते. बाळ पाळण्यात घातलं, बायकांनी नाव ठेवलं, मी बटण दाबलं आणि डोळ्यापुढे काळोख झाला. कॅमेऱ्यातला आरसा वर जाऊन अडकून बसला होता. ठोकून बघितलं, फुंकून बघितलं. बाकीचं बारसं मी मोबाइलवर काढलं आणि बायकांपुढे तोंड लपवत घरी आले.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा घेऊन बेळगावच्या बाजारात सूरजच्या दुकानात गेले. तो आमच्या ह्यांच्या वेळेपासून ओळखतो. त्यानं आत बघितलं आणि मान हलवली. "आक्का, आता ह्याला दुरुस्त करत बसू नगा. मिररलेस घ्या. आरसाच न्हाय, मग अडकणार काय?"

"आणि माझ्या लेन्स?"

"तुमचं नशीब लई चांगलं. त्याच कंपनीचा घ्या. एक रिंग घातली की तुमची सगळी पेटी चालत्या. नवीन एकसुद्धा लेन्स घ्याय नको. कुणाकडं हात पसरायची गरज न्हाय बघा."

तो माझ्या भल्याचंच सांगत होता. पण कुणाकडं हात पसरायची गरज नाही हे त्याचं शेवटचं वाक्य मला मोठ्या शिक्षेसारखं ऐकू आलं. घरी पेटीभर लेन्स, पेटीला कुलूप, आणि मी.

मी विचारलं, "नवी लेन्स आणून ह्या माझ्या जुन्याला बसवली तर?"

"न्हाय बसत. जुनं नव्याला बसतंय, नवं जुन्याला बसत न्हाय."

"बरं. मग नवा कॅमेरा दे. भरमू भावजींनी घेतलाय तसलाच."

त्यानं खोका काढला, वर रिंगेची डबी ठेवली. मी डबी त्याच्याकडे सरकवली. "ही नको."

"आक्का, रिंग न्हाय तर तुमच्या लेन्स बसायच्या न्हाईत."

"ठाव हाय."

"मग नवीन लेन्स दाखवू?"

"नको. नुसता कॅमेरा दे."

सूरजनं कॅमेऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मग पुढं लावणार काय? पळी?"

"तुला काय करायचंय? बांध."

त्यानं बांधलं. मी दाराबाहेर पडेपर्यंत तो डबी हातात धरून उभा होता.

कडोलीची बस दुपारची होती. भर उन्हात मी त्यांच्या गल्लीत उतरले, मुद्दामच. पारावर चारसहा माणसं बसलेली होती, दारोदार बायका निवडणं-टिपणं करत होत्या. सगळ्यांच्या माना माझ्याबरोबर फिरल्या. भावजींची सून रचना उंबऱ्यात कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. मला बघून गडबडून उठली. "या की. मामंजी आत्ताच शेताकडनं आल्यात."

भावजी बाहेर आले. पायाला चिखल, डोक्याला टॉवेल. मला बघून टॉवेल काढला आणि पुन्हा बांधला. अंगानं वाळले होते. मला वाटलं, आता हे 'का आलाय' म्हणतील आणि सगळंच संपेल. त्यांच्या तोंडातून शब्द निघण्याआधीच मी पिशवीतून कॅमेरा काढला, त्याचं झाकण उघडलं आणि पारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "लेन्स पायजे, भावजी. उद्या बारसं हाय."

"अवो झाकण लावा आधी, धूळ जाईल आत!" ते धावतच पुढे आले आणि कॅमेऱ्याच्या तोंडावर हात धरला. मग कॅमेरा उलटसुलट करून बघितला. "नवा घेतला व्हय? बरं केलासा. पण तुमच्याकडं पेटीभर लेन्स हायत की. रिंग घातली की..."

"रिंग न्हाय घेतली."

"का? सूरजकडं न्हाय काय?"

"हाय. नको म्हटलं."

त्यांनी माझ्या हातातलं झाकण घेतलं आणि कॅमेऱ्याच्या तोंडावर नीट बसवलं. रचनानं जुडी बांधता बांधता एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "चहा टाकतो मी." ती आत गेली.

भावजी घरात जाऊन लेन्स घेऊन आले. पारावरच्या लोकांना दिसेल अशी धरली, काचेवर फुंकर मारली आणि माझ्या कॅमेऱ्याला बसवली. मी डोळ्याला लावून बघितलं. सगळं स्वच्छ दिसत होतं, भावजीही. त्यांचे डोळे ओले होते. मी कॅमेरा खाली घेतला नाही, कारण माझेही होते.

"बारसं कुणाचं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"असंल कुणाचं तरी."

चहा झाला. त्यांनी शेताच्या वाटणीच्या वेळी बांध कुणी कोरला याची एक हकिगत सांगितली, चुलत्याचा आवाज काढून. मी हसले. गालांचे स्नायू इतके दिवस न वापरल्यासारखे दुखले. मग बसची वेळ झाली म्हणून उठले. पिशवी पोटाशी धरली आणि विचारलं, "परत कधी आणून देऊ?"

"घाई न्हाय वैनी, सावकाश..." ते बोलून गेले आणि थांबले. पाराकडे बघितलं. मग घसा साफ करून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "न्हाय न्हाय. परवाच आणून द्या. मला लागत्या. मोठं लगीन हाय."

परवा अमावास्या होती.